घोळीची भाजी: कोणी खुशाल खावी आणि कोणी विचारून

पावसाळ्यात रानभाज्यांच्या जुड्या बाजारात आल्या की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, घोळ खाल्ली तर चालेल ना?" बहुतेकांना माझे उत्तर 'खुशाल खा' असेच असते. मुतखडा होऊन गेलेल्यांना मात्र मी 'शिजवता कशी?' असे विचारतो. किडनीचा आजार असेल तर आधी रक्ताचा रिपोर्ट पाहतो.

घोळ कशी ओळखायची?

घोळ (शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरासिया) जमिनीलगत पसरते. देठ गुळगुळीत, रसदार आणि लालसर, पाने जाड, फुले पिवळी. बारीक पानांची चिवळ ही तिचीच बहीण. स्वतः खुडणार असाल तर देठ मोडून पाहा. घोळीतून पाण्यासारखा रस येतो. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. शेजारीच उगवणारी दुधी किंवा नायटी असू शकते आणि तिचा चीक तोंडाला, पोटाला, डोळ्यांना त्रास देतो. नाल्याकाठची घोळ घेऊ नका. शेतातली घेताना तणनाशक फवारले आहे का ते विचारा, कारण शेतकऱ्याच्या लेखी घोळ हे तणच आहे.

तिच्यात काय असते?

100 ग्रॅम कच्च्या घोळीत सुमारे 20 कॅलरी, 70 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, 20 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि जवळजवळ 500 मिलिग्रॅम पोटॅशियम असते. ओमेगा-3 मुळे तिचे फार कौतुक होते. इतर पालेभाज्यांच्या मानाने ते जास्त आहे, हे खरे. पण हा जवसातला प्रकार आहे. माशांत असतो त्या प्रकारात शरीर त्यातला थोडाच भाग बदलू शकते. शिवाय चमचाभर जवसातही वाटीभर घोळीपेक्षा जास्त ओमेगा-3 मिळते. तेव्हा चवीसाठी आणि पालेभाजी म्हणून खा. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी तिच्या भरवशावर बंद करू नका.

मुतखडा झाला असेल तर

घोळीत पालकासारखेच भरपूर ऑक्सलेट असते. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्सलेटचे असतात, त्यामुळे भीती रास्त आहे. पण ऑक्सलेटला आतड्यातच कॅल्शियम भेटले तर दोन्ही एकमेकांना चिकटून शौचावाटे निघून जातात आणि लघवीत कमी उतरतात. म्हणून आपल्याकडची ताकातली भाजी मला योग्य वाटते. आजीने हे रसायनशास्त्र म्हणून केले नसेल, पण जमले आहे खरे.

घोळ तीन-चार पाण्यांतून धुवा, माती फार असते. चिरून उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवा आणि ते पाणी फेकून द्या. विरघळणारे बरेचसे ऑक्सलेट त्यातच जाते. तेलात मोहरी, हिंग, लसूण, हिरवी मिरची यांची फोडणी करा. घोळ आणि शिजवलेली हरभरा डाळ परता. मग बेसन कालवलेले ताक घालून मंद आचेवर ढवळत राहा, नाहीतर ताक फाटते. घोळ मुळात आंबट, त्यामुळे ताक गोडसर घ्या. (रात्री ही वनस्पती पानांत आम्ल साठवते, म्हणून सकाळी खुडलेली जास्त आंबट लागते.) मुतखड्याच्या रुग्णांनी शेंगदाणे घालू नयेत, त्यांतही ऑक्सलेट असते. अशी भाजी आठवड्यातून एकदा, वाटीभर पुरे. खडा पडला असेल तर तो तपासून घ्या, कारण सगळेच खडे ऑक्सलेटचे नसतात.

एका गोष्टीला मात्र माझा स्पष्ट नकार आहे: रोज उपाशीपोटी कच्च्या घोळीचा रस. ऑक्सलेटने भरलेले हिरवे रस नेमाने पिऊन किडनीला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

किडनीचा आजार असेल तर

इथे ऑक्सलेटच्या जोडीला पोटॅशियमचाही प्रश्न येतो. कमजोर किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. उकळून पाणी फेकल्याने पोटॅशियम कमी होते, पण ताकातून ते पुन्हा येते. म्हणून वरची कृती पाहून 'मला चालेल' असे ठरवू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी 'औषधी भाजी' म्हणून पंधरा दिवस रोज घोळ खाल्ली. त्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता, नेहमीच्या तपासणीत पोटॅशियम 6 च्या वर निघाले. ते असेच गुपचूप वाढते आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. अर्धी वाटी चालेल की अजिबात नाही, हे तुमचा ताजा रिपोर्ट पाहून डॉक्टरच सांगतील. किडनीच्या रुग्णाला अचानक हातापायांतली ताकद गेल्यासारखे वाटले, छातीत धडधड झाली किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या आणि काय खाल्ले होते तेही सांगा.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेत असाल तर कोणतीच पालेभाजी एकदम वाढवू नका. व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम कमी होतो. घोळ सुरू करायची असेल, तर पुढच्या आयएनआर तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.