पुणे केंद्राचं रामायण

पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालं. दोनच वर्षांत तिथले अधिकारी सीताकांत लाड यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांच्याकडे वर्षभर चालेल अशी गीतमालिका मागितली. दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल! संगीत सुधीर फडके यांचं.

१ एप्रिल १९५५, रामनवमी. 'गीतरामायणा'चं पहिलं गीत त्या सकाळी प्रसारित झालं. त्याचा लिहिलेला कागद ऐन वेळी हरवला, माडगूळकर संतापले, तेव्हा लाडांनी त्यांना खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि गीत पुन्हा लिहून घेतलं, असं सांगतात.

अधिक महिन्यामुळे गीतं ५६ झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक असे अनेक गळे त्यात आले. स्थानिक केंद्राचं खरं बळ इथे दिसतं: कवी, संगीतकार, गायक यांना नावानिशी ओळखणारा, त्यांच्या मागे लागणारा माणूस केंद्रातच बसलेला होता.

श्रोतेही तसेच. प्रसारणाआधी कित्येक घरांत रेडिओला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. वर्तमानपत्रं गीतांचे शब्द छापू लागली आणि १९५७ मध्ये सरकारच्या प्रकाशन विभागानं त्यांचं पुस्तक काढलं.