उन्मत्ताचा जामीन

वेड्यांविषयींच्या कायद्यांचा इतिहास बहुधा इस्पितळांच्या भिंतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ठाणें, येरवडा, रत्नागिरी, नागपूर येथील इस्पितळें केव्हां झालीं हें सांगून लेखक थांबतात. परंतु दीर्घकाळ वेड असणारे बहुसंख्य लोक भिंतींबाहेरच राहिले. रोगी घरीं राहील, पण सर्वस्वी स्वतःच्या इच्छेवर सोडला जाणार नाहीं, या मधल्या स्थितीची जबाबदारी कायद्यानें कोणाच्या गळ्यांत घातली, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतला आहे.

धर्मशास्त्रानें ती कुळावर टाकली. मनूनें नवव्या अध्यायांत व याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत उन्मत्तास दायभागांतून वगळलें, पण त्याचें पोषण भाग घेणाऱ्यांवर बंधनकारक केलें. विज्ञानेश्वर तर मिताक्षरेंत म्हणतो कीं, वांटणीनंतरहि औषधादि उपायांनीं दोष गेला तर त्यास त्याचा अंश मिळावा. वेड बरें होऊं शकतें हें येथें गृहीतच धरलें आहे. शास्त्रकारांस सरसकट निर्दय म्हणणारांनीं हें स्थळ वाचलेलें दिसत नाहीं. (वेडामुळें वारसा बुडण्याचा प्रश्न १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मिटला.)

इंग्रजी अमलांत १८५८ चा ३६ वा कायदा झाला. मॅजिस्ट्रेटापुढें आणलेल्या वेड्यास कोणी नातलग वा स्नेही सांभाळूं म्हणेल, तर इस्पितळांत न धाडतां त्याच्या हवालीं करण्याची मुभा त्यांत होती. १९१२ च्या कायद्याच्या ३३ व्या कलमांत इस्पितळांत असलेल्यास सोडविण्याचीहि हीच रीत आहे. नातलगानें जामीनखत लिहून द्यावयाचें, त्याची रक्कम अधिकाऱ्यानें ठरवावयाची, व अटी दोनच : वेड्याची नीट काळजी घेतली जाईल, आणि तो स्वतःस वा दुसऱ्यास इजा करणार नाहीं. आमच्या जुन्या कागदपत्रांतील फेलजामीन ज्यांस परिचित आहे, त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. जामीन राहणारा एक, वर्तन करणारा दुसरा! १९८७ च्या कायद्यानें ही तरतूद कायम ठेवली.

या जामीनखतांत औषधाचा उल्लेख नाहीं, याचें कारण उघड आहे. वेडावर खरोखर गुण देणारें औषध त्या काळीं नव्हतेंच. १९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझीनचा उपयोग सुरू झाला, आणि मग बाहेर राहणाऱ्या रोग्याकडून करावयाची मागणीच बदलली. ‘सांभाळा’ या शब्दाची जागा ‘औषध घ्या’ या शब्दांनीं घेतली. सांभाळण्याचें काम नातलगाच्या नांवें लिहितां येतें. औषध मात्र रोग्याच्याच पोटांत जावें लागतें. म्हणून इंग्रजी भाषी देशांत बंधन जामिनावरून उठून रोग्याच्या अंगावर आलें. न्यूयॉर्क येथें जानेवारी १९९९ मध्यें एका रोग्यानें केंड्रा वेबडेल या तरुणीस भुयारी आगगाडीखालीं ढकललें. त्याच वर्षीं तिच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला, व न्यायालय बाहेरील रोग्यास उपचाराचा हुकूम देऊं लागलें. तथापि हुकूम मोडला तरी घरांत शिरून सुई टोंचतां येत नाहीं. तपासणीसाठीं ७२ तासांपर्यंत इस्पितळांत ठेवतां येतें, इतकेंच. इंग्लंडांत असा हुकूम २००८ पासून निघूं लागला. तेथें ३३६ रोग्यांचे दोन गट करून, एकास हा हुकूम व दुसऱ्यास जुन्या पद्धतीची रजा देऊन पाहिलें. २०१३ सालीं निष्कर्ष छापला : वर्षभरांत इस्पितळांत परत आलेल्यांचें प्रमाण दोन्हींकडे शेंकडा ३६. एवढ्या सक्तीचें हें फळ अल्पच म्हटलें पाहिजे.

हिंदुस्थानानें हा मार्ग धरला नाहीं. २००१ च्या ऑगस्टांत तामिळनाडूंतील एरवाडी येथें सांखळदंडांनीं बांधलेले २८ रोगी आगींत मेले. त्यांतील अनेकांस घरच्यांनींच तेथें आणून ठेवलें होतें. २०१७ चा कायदा २०१८ पासून अमलांत आला. त्यानें सांखळीस बंदी केली, आपल्यावर पुढें कोणते उपचार व्हावेत हें आधींच लिहून ठेवण्याचा हक्क रोग्यास दिला, व नातलगाच्या जामीनखताची जुनी तरतूद घेतली नाहीं. घरीं असणाऱ्यानें औषध घ्यावेंच, असा हुकूम काढण्याची सोयहि त्यांत नाहीं. आम्हांस हें योग्य वाटतें. मात्र नातलगाचें ओझें त्यामुळें हलकें झालें असें मुळींच नाहीं. अनेक घरांत आई वा पत्नी गोळी कुटून वरणांत मिसळते. हें ना हुकुमानें होतें, ना संमतीनें.

१९१२ च्या कायद्याखालील जामीनखतें जुन्या दप्तरांत कोणास आढळल्यास, त्यांतील रक्कम व जामिनाचें रोग्याशीं नातें या दोन गोष्टी अवश्य टिपून ठेवाव्या.