पायातली चांदी आणि १८९३ चा कायदा : वऱ्हाडातल्या म्हातारपणाच्या तरतुदीची गोष्ट

घाटंजीच्या काळ्या जमिनीत पैसा उगवतो तो वर्षातून एकदा. कापूस वेचून, विकून झाला की हातात रक्कम येते. तीतूनच सावकाराचे देणे, सरकारचा सारा, सालदाराचे साल, लग्नकार्य आणि पुढच्या पेरणीचे बियाणे. उरलेच तर म्हातारपण. पण हे 'उरलेले' एकोणिसाव्या शतकात ठेवायचे कुठे?

हा परिसर तेव्हा वऱ्हाडातल्या वणी जिल्ह्यात मोडत असे. (जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले ते १९०५ मध्ये.) पोस्टाची बचत बँक १८८२ मध्ये देशभर सुरू झाली खरी; पण पोस्ट दूर, अक्षरओळख नाही आणि कागदावर विश्वास त्याहून नाही. धान्याला कीड लागते, बैल मरतो, जमीन सावकाराच्या दस्तऐवजात अडकते. म्हणून कुणबी घराने निवडली ती चांदी.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले आणि चांदी खेड्यापर्यंत पोचली. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कथा त्या काळाविषयी सांगतात. त्या अक्षरशः घेऊ नयेत. खरी चांदी बसली ती बायकांच्या दंडात, मनगटात आणि पायांत.

या दागिन्यांना नुसती हौस म्हणणे अन्यायाचे ठरेल. वाकी, गोठ, तोडे हे म्हातारीचे पेन्शन होते. दुखण्याला, औषधाला, शेवटच्या क्रियाकर्माला तेच मोडायचे. शिवाय 'जी सून करील तिला तोडे' या एका वाक्यावर कित्येक घरांत म्हातारीच्या पानात गरम भाकरी पडत असणार.

या व्यवस्थेच्या मुळाशी एक साधा नियम होता. कोणीही चांदी घेऊन मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे आणि थोडी घडणावळ देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत. रुपया म्हणजेच एक तोळा चांदी. घाटंजीचा शेतकरी काही मुंबईला जात नव्हता. पण त्याचे तोडे विकत घेणाऱ्या सराफाला टांकसाळीचे दार उघडे असल्याचे ठाऊक होते. त्यामुळे चांदीचा भाव रुपयाच्या फार खाली जाऊच शकत नव्हता. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधली मोडीची चांदी याच वाटेने मुंबईला गेली आणि रुपये होऊन बाहेर पडली.

इकडे १८७० नंतर जगात चांदी घसरू लागली. जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारले, खाणींतून चांदी वाढली. चांदीबरोबर रुपयाही पडला : पूर्वी सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९२ च्या सुमारास सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. शेतकऱ्याला याची झळ फारशी नव्हती. त्याची चांदी आणि त्याचा रुपया एकत्रच खाली जात होते. झळ होती सरकारला. लंडनमधले खर्च पौंडांत भागवायचे होते, आणि त्या खर्चात निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शनेही होती.

सरकारची अडचण खोटी नव्हती. उपाय मात्र असा निघाला : २६ जून १८९३ रोजी, लॉर्ड लॅन्सडाउनच्या कारकिर्दीत, कायदा करून खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद करण्यात आल्या. रुपये दुर्मिळ करायचे आणि त्यांचा भाव १६ पेन्सांवर नेऊन ठेवायचा, हा हेतू. काही वर्षांत तो साधलाही. रुपया वर गेला. चांदी मात्र खालीच राहिली.

१८९८ मध्ये लंडनला चांदीचा भाव औंसाला सुमारे २७ पेन्स होता. त्या भावाने हिशेब केला, तर रुपयाच्या कसाची एक तोळा चांदी म्हणजे जवळजवळ दहा आणे. पूर्वी तिचे सोळा आणे होत. चोर आला नाही, आग लागली नाही. तोडे पायातच होते आणि त्यांतले सहा आणे नाहीसे झाले. सारा मात्र रुपयांतच भरायचा होता. भारतात नोकरी करणाऱ्या युरोपीय अधिकाऱ्यांना मात्र रुपयाच्या घसरणीबद्दल त्याच १८९३ साली विनिमयभरपाई भत्ता मंजूर झाला. तोड्यांना भरपाई नव्हती.

मग आले दुष्काळ : १८९६-९७ चा, आणि वऱ्हाडाला अधिक भाजून काढणारा १८९९-१९०० चा. दागिने बाहेर निघाले ते नेमके या दिवसांत. सगळेच विकणारे, घेणारे थोडे. सराफाच्या मागे आता टांकसाळही नाही. दहा आणे हा लंडनचा भाव झाला. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर जाण्याआधी दागिना विकायला आलेल्या बाईच्या हातात तेवढेही पडण्याची शक्यता कमीच. ज्यांनी पोस्टात रुपये ठेवले होते, त्यांचा रुपया सोळा आण्यांचाच राहिला. पण ते बहुधा शाळामास्तर, कारकून, पगारदार : ज्यांच्यापैकी अनेकांना पेन्शनही होते.