गुना याला

पनामाच्या ईशान्येस, कॅरिबियन समुद्रालगत असलेला गुना या मूलनिवासी लोकांचा स्वशासित प्रदेश. जुने नाव सान ब्लास. कोलंबियाच्या सीमेला भिडलेली किनाऱ्याची चिंचोळी पट्टी, तिच्या पाठीशी डोंगराळ अरण्य आणि समोर सुमारे ३६५ लहानमोठी बेटे असा त्याचा विस्तार आहे. मुख्यालय गायगिरगोर्दुब (एल पोर्वेनीर). लोकसंख्या ३० हजारांवर. मोजक्या बेटांवर घराला घर लागून दाट वस्ती असून इतर बहुतेक बेटांवर माडच आहेत. नारळ येथे दीर्घकाळ चलन म्हणून चालत असे.

गुनांच्या प्रदेशाला पहिली मान्यता १८७० मध्ये कोलंबियाने दिली. १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून फुटला तेव्हा ती निरुपयोगी झाली आणि नव्या सीमेने हा समाजही विभागला. नव्या प्रजासत्ताकाने १९१५ पासून येथे स्वतंत्र प्रशासन बसवले आणि बेटांवर पोलीस आणले. ‘सुधारणे’चा रोख मुख्यतः बायकांच्या अंगावर होता. ‘मोला’ या रंगीत कापडी जोडकामाची पोलकी, नाकातली सोन्याची कडी, पायांभोवतीचे मण्यांचे पट्टे या सगळ्यांवर बंदी आली.

फेब्रुवारी १९२५ मध्ये, कार्निव्हलच्या दिवसांत, उठाव झाला. उस्तुपुचे नेले कान्तुले व आयलिगांदीचे सिमरल कोल्मन हे त्याचे पुढारी. ‘तुले’ (गुनांचे स्वतःसाठीचे नाव) प्रजासत्ताकाची घोषणा झाली. त्याच्या ध्वजावर स्वस्तिक होते. भारतीय वाचक तेथे थबकतो. पण त्या चिन्हाचा भारताशी संबंध नाही, आणि नाझींशी तर मुळीच नाही. रिचर्ड मार्श या अमेरिकी साहसी गृहस्थाने घोषणापत्र लिहायला मदत केली, तर मध्यस्थीसाठी अमेरिकी युद्धनौका आली. ४ मार्चच्या तहाने गुनांनी स्वातंत्र्याचा दावा सोडला. सरकारने त्यांच्या चालीरीतींना हात न लावण्याचे मान्य केले. या मध्यस्थीत अमेरिकेचा पनामा कालव्याचा स्वार्थ होता, हे उघड आहे.

कायदा मात्र सावकाश आला. १९३८ मध्ये राखीव प्रदेश स्थापन झाला आणि १९५३ च्या सोळाव्या कायद्याने त्याच्या कारभाराची चौकट ठरवली. जमीन सामूहिक आहे. ती बाहेरच्याला विकता येत नाही. सर्वोच्च सत्ता महासभेची असून तिचे नेतृत्व तीन मुख्य ‘साग्ला’ (प्रमुख) करतात. सरकारने नेमलेला प्रशासकही असतो, त्यामुळे अधिकाराची ओढाताण संपलेली नाही. गुनांनी १९९५ मध्ये आपली मूलभूत संहिता तयार केली. राष्ट्रीय विधिमंडळाने ती संमत केली नाही; गुना ती तरीही पाळतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते या स्वायत्ततेचा खरा आधार कायद्यापेक्षा गावसभा हा आहे. सभागृहात झोपाळ्यावर पडून साग्ला पूर्वजांचा इतिहास गाऊन सांगतो, ‘आर्गार’ त्या गूढ भाषेचा उलगडा करतो आणि त्याच छपराखाली भांडणतंटे, गावकाम, बाहेरगावी जाण्याची परवानगी यांचे निर्णय होतात. ही रीत १९३८ च्या कायद्याआधीपासून चालू होती.

समुद्राची पातळी वाढत असल्याने आणि दाटी झाल्याने गार्दी सुगदुब या बेटावरील रहिवाशांनी मुख्यभूमीवर जाण्याचे ठरवले होते. सरकारला घरे बांधायला वर्षे लागली. जून २०२४ मध्ये सुमारे ३०० कुटुंबांसाठी इसबेरयाला ही वसाहत खुली झाली. तिच्यासाठी जागा विकत घ्यावी लागली नाही. ती गावकऱ्यांचीच सामूहिक जमीन होती. काही कुटुंबे मात्र बेटावरच राहिली आहेत.