श्वानांच्या पायांतील अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया

वाहनाच्या धडकेने किंवा उंचावरून पडल्याने मोडलेली कुत्र्याच्या पायाची हाडे जुळवून ती धातूच्या साधनांनी स्थिर करणे, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप असते. हाड सांधण्याचे काम शरीरच करते. तोपर्यंत तुकडे जागेवरून हलू न देणे एवढेच शल्यचिकित्सकाच्या हाती असते.

शस्त्रक्रियेची गरज

प्लास्टर उपयोगी पडण्यासाठी मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे त्यात जखडले जावे लागतात. मांडीच्या व दंडाच्या हाडांबाबत हे साधत नाही, कारण कुत्र्याचा खुबा आणि खांदा धडालगत स्नायूंत दडलेले असतात. अशा वेळी घरच्या घरी कामटी बांधणे हा सद्भावनेने केलेला अपायच ठरतो. बांधलेले वजन मोडलेल्या जागेच्या खाली लोंबते आणि हाडाची टोके स्नायूंत अधिकच रुततात. पिल्लांमध्ये मांडीचे स्नायू आखडून पाय कायमचा ताठ होण्याची भीती असते. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत सोफ्यावरून मारलेल्या उडीनेही पुढच्या पायाची हाडे मनगटाजवळ मोडू शकतात. तेथील रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने नुसत्या प्लास्टरने ती पुष्कळदा जुळत नाहीत. नडगीचे हाड तुकडे न सरकता मोडले असेल, तर मात्र प्लास्टर पुरेसे होऊ शकते.

वाहनाची धडक बसलेल्या कुत्र्याची छाती व मूत्राशय आधी तपासतात. फुप्फुसांना मार लागला असल्यास भूल देणे धोक्याचे असल्याने शस्त्रक्रिया काही दिवस लांबवली जाते. या काळात वेदनेसाठी माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासमान आहे.

पद्धती

मज्जापोकळीत पोलादी सळई बसवणे तुलनेने स्वस्त असते. सळई हाडाला वाकू देत नाही, परंतु तुकडे स्वतःभोवती फिरणे तिने थांबत नाही. म्हणून जोडीला तार किंवा बाहेरील चौकट लागते. धातूची पट्टी अधिक भक्कम असते. ती मोडीच्या दोन्ही बाजूंस शक्यतो किमान तीन-तीन स्क्रूंनी बसवतात. जखम उघडी असल्यास त्वचेबाहेरील चौकट सोयीची ठरते. अमेरिकी पशुवैद्य ओटो स्टेडर यांनी १९३० च्या दशकात कुत्र्यांसाठी तयार केलेली अशी चौकट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने जखमी सैनिकांसाठी वापरली. एरवी उपचारांचा प्रवास बहुधा उलट दिशेने होतो.

शस्त्रक्रियेनंतर

लहान पिलांचे हाड तीन-चार आठवड्यांत जुळू शकते. प्रौढ कुत्र्याला दोन-तीन महिने किंवा अधिक लागतात. वेदना कमी होताच कुत्रा धावू पाहतो आणि स्क्रू निसटतात किंवा सळई सरकते. त्यामुळे क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसेपर्यंत उड्या व जिने बंद ठेवून त्याला केवळ साखळी धरूनच फिरवावे लागते. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची रुंद कॉलर घालतात. हाडाचा पार चुरा झाला असेल किंवा खर्च झेपणारा नसेल, तर पाय काढून टाकण्याचा मार्ग उरतो. मालकाला तो क्रूर वाटतो. पण बाकीचे पाय धड असलेली बहुतेक कुत्री तीन पायांवर काही आठवड्यांतच सहज वावरू लागतात.