पोटरी: पायाचं पोट

मटणाच्या दुकानात बोकड उलटा टांगतात तो मागच्या पायाची धोंडशीर (टाचेमागची जाड शीर) आणि हाड यांमधल्या फटीत आकडा अडकवून. एकदा मांडीचं मटण सोडवता सोडवता खाटीकमामांनी सुरीच्या टोकाने पांढरट पापुद्रा सोलला. आत गुडघ्यामागे फुगलेला आणि खाली दोरीसारखा निमुळता होत धोंडशिरेत मिसळलेला मांसाचा गोळा होता. “ही पोटरी,” मामा म्हणाले.

बोकडाला पोटरी? बाहेरून तर कधी दिसली नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलनेही लिहून ठेवलंय की माणसाचे पाय मांसल, चौपायांचे नुसते हाडांचे आणि शिरांचे. गंमत अशी की त्याच्याच भाषेत पोटरीला ‘गॅस्ट्रोक्नेमिया’ म्हणतात. गॅस्टर म्हणजे पोट, क्नेमे म्हणजे नडगी. नडगीचं पोट! पुढे लॅटिनमधून हे नाव ‘गॅस्ट्रोक्नेमियस’ होऊन घोडा, गाय, कुत्रा, सगळ्यांच्या मागच्या पायाला चिकटलं.

आणि आपली पोटरी? लेक-लेकरू, तशी पोट-पोटरी, हे माझं ठाम मत. कुणी म्हणेल, शब्द पोटलीवरून आला असेल. मांसाची पुरचुंडीच ती. दिसायला पटतं. पण शेतकऱ्याला विचारा. रब्बी ज्वारी पेरल्यावर 50 ते 55 दिवसांनी ‘पोटरीत’ येते, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असतं आणि ताट तिथे फुगतं. त्याआधीच्या अवस्थेला शेतकीची पुस्तकं ‘गर्भावस्था’ म्हणतात. गर्भ पोटात राहतो, पोटलीत नाही! शब्द ग्रीकचं भाषांतर असेल, ही शंकाही इथेच मिटते. ज्वारीच्या ताटाला पोटरी म्हणायला कुणाला वैद्यकाचं पुस्तक उघडावं लागलं नसेल. हिंदीने त्याच जागी ‘पिंडली’ म्हणून पिंड पाहिला. ग्रीकांनी आणि आपण पोट पाहिलं, आपापलं.

मामांच्या सुरीने दाखवलेली पोटरी वर कुठे सुरू होते, त्याची खूण कुत्र्याच्या एक्स-रेत दिसते. पोटरी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन मुळांनी धरलेली असते आणि प्रत्येक मुळात हाडाचा एकेक गोल दाणा असतो. त्याचं लॅटिन नाव ‘फॅबेला’, म्हणजे घेवड्या-वालासारखं इवलंसं बी. गुडघ्यामागे, पोटरीच्या अगदी तोंडाशी, दोन पांढरे दाणे.