शब्दांची बदली आणि बडतर्फी

एखाद्याला त्याच्या जागेवरून हलविण्यासाठी मराठीत शब्दांची मुळीच टंचाई नाही. नोकरदाराची बदली होते, त्याच्या हातून मोठी चूक घडली तर तो बडतर्फ होतो. गुंडाला हद्दपार करतात, कुळाला जमिनीतून बेदखल करतात, दावा खारीज होतो, परवाना रद्द होतो. बोलीभाषेत एखाद्याला नारळ मिळतो, कोणाची उचलबांगडी होते, तर कोणाला अर्धचंद्र मिळतो, म्हणजे मानेला हाताची चंद्रकोर लावून त्याला दाराबाहेर काढले जाते.

या शब्दांची कुळी पाहिली म्हणजे एक मजेदार गोष्ट ध्यानात येते. ‘बदली’ हा शब्द अरबी ‘बदल’ पासून आला. ‘बडतर्फ’ म्हणजे फार्सी ‘बर-तरफ’, अर्थात एका बाजूला सारलेला. ‘बेदखल’ मध्ये ‘बे’ फार्सी आणि ‘दखल’ अरबी. ‘रद्द’ आणि ‘खारीज’ हे दोन्ही अरबी. ‘हद्दपार’ मध्ये तर अरबी ‘हद्द’ आणि मराठी ‘पार’ एकमेकांचा हात धरून उभे आहेत. ‘अर्धचंद्र’ संस्कृत, ‘उचलबांगडी’ अस्सल मराठी. एकाच कामासाठी चार घराण्यांचे शब्द मराठीच्या अंगणात शेजारी शेजारी नांदत आहेत. हे कसे घडले आणि या शब्दांवरच हद्दपारीची वेळ केव्हा आली, याचा इतिहास विद्यार्थ्यांनी व पालकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

फार्सी ही दक्षिणेतील सुलतानांची दरबारी भाषा होती. परंतु गावचा हिशेब गावच्याच भाषेत ठेवावा लागतो. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशाह (इ. स. १५३४ ते १५५८) याने सरकारी हिशेबाच्या दप्तरातून फार्सी बाजूला सारून तेथे देशी भाषा आणली, अशी नोंद फरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. म्हणजे फार्सीला तिच्या जागेवरून हलविणारा पहिला हुकूम एका मुसलमान सुलतानाच्या दरबारातून निघाला! त्यामागे धर्माचा प्रश्न नव्हता, सोयीचा होता. हिशेब लिहिणारे कारकून स्थानिक होते आणि वसूल देणारी रयतही स्थानिक होती. दप्तरात मराठी आली खरी, पण जमा, खर्च, बाकी, वसूल, तारीख, हुकूम हे शब्द जसेच्या तसे तिच्या पदरात पडले.

यानंतरचा मोठा टप्पा छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातला. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. नव्या सिंहासनाला स्वतःची राज्यभाषा हवी, या विचाराने महाराजांच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. रघुनाथपंडित हणमंते यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत यावनी शब्द देऊन त्यांना संस्कृत पर्याय सुचविलेले आहेत. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती.

हा कोश म्हणजे कोणा समाजाविरुद्धचा जाहीरनामा नव्हता. प्रत्येक नवे राज्य आपला शिक्का, आपले नाणे आणि आपली भाषा घडविते, त्यातलाच तो भाग होता. पण पुढे काय झाले? पत्रव्यवहारात फार्सी शब्दांचे प्रमाण घटले, हे इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुनी पत्रे तपासून दाखविले आहे. तरीही इ. स. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पद मिळाले तेव्हा लोकांच्या तोंडी ‘पेशवा’ हाच शब्द बसला आणि १८१८ पर्यंतचा सारा कालखंड ‘पेशवाई’ म्हणूनच ओळखला गेला. ‘पंतप्रधान’ आणि ‘सचिव’ हे शब्द घरोघरी पोहोचायला स्वातंत्र्याची पहाट उजाडावी लागली. शब्दाला हुकमाने पद देता येते, पण रोजचा राबता मिळाल्यावाचून तो त्या पदावर टिकत नाही.

इंग्रजी अंमलात ‘खालसा’ या अरबी शब्दाला नवी धार आली. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. राज्य ताब्यात घेणारे इंग्रज होते, गादी मराठ्यांची होती, आणि त्या घटनेचे नाव अरबी होते. पेशव्यांच्या दप्तरात अधिकाऱ्याला कामावरून दूर करण्यासाठी ‘तगीर’ हा अरबी शब्द सर्रास वापरला जाई. आज तो कोणी वापरत नाही. त्याला कोणी हद्दपार केले नाही. ‘बडतर्फ’ रुळला तसा तो आपोआप मागे पडला.

विसाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली. तारखेऐवजी दिनांक, नंबराऐवजी क्रमांक, शहीदाऐवजी हुतात्मा, मेयरऐवजी महापौर असे शब्द त्यांनी पुढे आणले. त्यांतील कित्येक उत्तम रुजले. मुंबईचा हुतात्मा चौक सर्वांच्या तोंडी आहे, आणि ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी ते हुतात्मे झाले, त्याच चळवळीत शाहीर अमर शेख यांचा बुलंद आवाज घुमला होता, हेही आपण विसरू नये. दुसरीकडे कवी माधव जूलियन यांचे उदाहरण पाहा. फार्सीचे हे प्राध्यापक, १९२५ साली त्यांनी ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला, आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. ज्यांनी पर्याय सुचविले त्यांच्यातही फार्सीचे जाणकार होते.

या सर्व खटाटोपानंतर निकाल काय लागला? दिनांक कागदावर आला, पण ‘आज तारीख किती?’ हा प्रश्न कायम राहिला. महसूल खात्यात मामलेदार जाऊन तहसीलदार आला. दोन्ही शब्द अरबी-फार्सीच! साताबाराच्या उताऱ्यावरील ‘भोगवटादार’ आणि कोर्टातील ‘साक्षीदार’ यांत देशी शब्दाला फार्सी ‘दार’ असा चिकटला आहे की दोघांना वेगळे करायला गेल्यास अर्थच निखळून पडावा. आणि गमतीची परमावधी म्हणजे परके शब्द ‘रद्द’ करा, ‘हद्दपार’ करा, असे म्हणणाऱ्यालाही बोलण्यासाठी तेच शब्द वापरावे लागतात.

यातून आपल्या समाजाने दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली अशी की, मराठी ही दुसऱ्या कोणाची भाषा असून आपण तिच्या घरातले पाहुणे आहोत, असा समज कोणी करून दिला तरी आपल्या मुलांनी तो मनात घेऊ नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. शेकडो वर्षे ज्या भाषेत आपले शब्द राबले, त्या भाषेवर आपलाही वारसाहक्क आहे. ‘वारसा’ आणि ‘हक्क’ हे शब्दही त्याची साक्ष देतात.

दुसरी गोष्ट आपल्याच घराची. काही घरांतून संस्कृत वळणाचा शब्द आला की ‘हा आपला नव्हे’ म्हणून मुले तो टाळतात. मग इतिहासाच्या पेपरात ‘सार्वभौमत्व’ लिहिताना पेन अडखळते आणि गुण जातात. शब्द बाहेर ठेवून भाषा शुद्ध होत नाही, आपले मूल मात्र मागे राहते. दुसऱ्याने आपले शब्द काढले तर आपल्याला दुःख होते. मग आपण दुसऱ्याचे शब्द दाराबाहेर का ठेवावेत?

विद्यार्थीमित्रांनो, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मोठ्या ग्रंथालयात मिळतो. १८३१ च्या या कोशात शब्दाचे मूळ अरबी, फार्सी की संस्कृत याच्या खुणा दिल्या आहेत. आपल्या आजीच्या बोलण्यातले दहा शब्द लिहून काढा आणि त्यांची कुळी त्यात शोधा. ज्याला दोन्हीकडचे शब्द येतात, त्याला परीक्षेत, कचेरीत किंवा कोर्टात आपल्या जागेवरून हलविणे कोणालाही सोपे जाणार नाही.